घडीचा चाकू घेताना: व्हिक्टोरिनॉक्स, ओपिनेल, बक आणि स्पायडर्को कसे तोलून पाहावेत

घडीच्या चाकूंची तुलना बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरू होते. एका चाकूत बारा अवजारं, दुसऱ्यात एकच पातं, मग बारावाला भारी. किंवा एकाचं पोलाद व्हीजी-१०, दुसऱ्याचं ४२०एचसी, म्हणून पहिला सरस. दोन्ही हिशेब दुकानात पटतात आणि घरी आल्यावर कांदा चिरताना फसतात. चाकू कसा कापतो हे मुख्यतः धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे यावर ठरतं. तो वापरायला किती सुरक्षित आहे हे लॉकवर, म्हणजे उघडं पातं अडकवून ठेवणाऱ्या रचनेवर ठरतं, आणि आपल्या पावसाळ्यात किती टिकेल हे मुठीवर आणि पोलादावर. या तिन्ही गोष्टी घरच्या घरी मोजता येतात. कशा मोजायच्या, ते इथे क्रमाने दिलं आहे.

उदाहरणासाठी चार चाकू घेतले आहेत: व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन, ओपिनेल नंबर ८, बक ११० आणि स्पायडर्को डेलिका. चारही वेगळ्या घडणीचे आहेत, त्यामुळे बाजारातला दुसरा कुठलाही चाकू यांच्यापैकी एकाच्या शेजारी ठेवून पाहता येतो.

लागणारं साहित्य

- स्टीलची फूटपट्टी आणि व्हर्निअर कॅलिपर. साधा डिजिटल कॅलिपरही चालतो.
- ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग.
- छपाईचा पांढरा कागद, सारख्या जाडीची गाजरं, पुठ्ठ्याचे खोके, काथ्याची दोरी.
- धारेचा दगड: एका बाजूला ४००, दुसऱ्या बाजूला १००० ग्रिट असलेला. ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचं माप, आकडा मोठा तितका दगड बारीक.
- काळा मार्कर पेन.
- औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन.
- बिल, मूळ खोका आणि वॉरंटीचा कागद. हे तिन्ही एकाच पिशवीत ठेवा.

१. आधी काम लिहून काढा

चाकूने काय काय कापणार ते कागदावर लिहा. फळं, भाजी, पार्सलची टेप, ट्रेकमधली दोरी, पेन्सिल, काडीकाटक्या. त्यातलं जे काम रोजचं, त्यावर खूण करा. बाकीच्यांसाठी तडजोड चालते, खूण केलेल्या कामासाठी करू नका.

खूण खाण्याच्या पदार्थांवर असेल तर पातळ पातं हवं आणि धुता येईल अशी घडण हवी. खूण टेप, स्क्रू, बाटलीचं झाकण यांवर असेल तर स्विस धाटणीच्या चाकूला पर्याय नाही. दोरी आणि लाकूड असेल तर लॉक आणि हात भरेल अशी मूठ लागते. लाकूड फोडणं, डबा उचकटणं, जमीन खणणं यांपैकी काही यादीत असेल तर ते खोडून टाका, किंवा घडीचा विचार सोडून अखंड पात्याचा चाकू घ्या. घडीच्या चाकूचा सगळा भार एका खिळीवर असतो आणि आडवा जोर लागला की तीच आधी ढिली होते.

२. चारही घराण्यांची ओळख करून घ्या

व्हिक्टोरिनॉक्सचा कारखाना स्वित्झर्लंडच्या श्विझ परगण्यात, ईबाख इथे आहे. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये तिथे कामाला सुरुवात केली, १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले, आणि आज आपण ज्याला स्विस चाकू म्हणतो त्या ऑफिसर चाकूची नोंदणी १८९७ मध्ये केली. सैन्याचा दुसरा पुरवठादार देलेमाँचा वेंगर. सरकारने काम दोघांत वाटून दिल्यामुळे शंभर वर्षं ही जोडी एकमेकांशी स्पर्धा करत राहिली: एकाच्या खोक्यावर ‘ओरिजिनल’, दुसऱ्याच्या खोक्यावर ‘जेन्युइन’. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि पुढे वेंगर नावाचे चाकू निघायचे थांबले. त्यामुळे आज कोणी ‘नवा कोरा वेंगर’ म्हणून चाकू दाखवत असेल तर तो जुना साठा आहे किंवा नक्कल आहे. दोन्ही बाबतींत नव्याची किंमत देऊ नका.

स्पार्टनची मूठ ९१ मिलिमीटर, वजन ६० ग्रॅमच्या आसपास. दोन पाती, डबा आणि बाटली उघडण्याची अवजारं, बुचाचा स्क्रू, टोच्या, चिमटा, दातकोरणी. हाच साचा वापरून कात्री घातली की क्लाइंबर होतो आणि वजन ८० ग्रॅमच्या थोडं वर जातं.

ओपिनेल फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास हा चाकू घडवला आणि १८९७ मध्ये १ ते १२ अशा नंबरांची मालिका केली. नंबर ८ चं पातं साडेआठ सेंटीमीटर, मूठ बीच लाकडाची, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. पातं, लाकूड, खीळ आणि दोन कड्या, एवढंच त्याचं सगळं सामान. चौघांत सगळ्यात साधा आणि खाण्याच्या कामात सगळ्यात तरबेज.

बक ११० अमेरिकेतला. १९६४ मध्ये आला आणि पाठीमागे लॉक असलेल्या शिकारी चाकूचा नमुनाच ठरला. पातं साडेनऊ सेंटीमीटर, पितळेची टोकं, लाकडी पट्ट्या, वजन तब्बल २०० ग्रॅम. नायलॉन मुठीच्या हलक्या आवृत्त्याही आहेत, त्या वेगळ्या धरा.

स्पायडर्को कोलोरॅडोतल्या गोल्डन गावची कंपनी. पात्यातलं गोल भोक आणि खिशाला अडकवायची क्लिप ही जोडी तिने १९८१ मध्ये आणली आणि पुढे जवळजवळ सगळ्यांनी क्लिप उचलली. डेलिका मात्र जपानच्या सेकी शहरात बनते. पातं साडेसात सेंटीमीटरला किंचित कमी, वजन ७१ ग्रॅम. याच कंपनीचा टेनेशस चीनमध्ये बनतो, त्याचं पोलाद आणि लॉक दोन्ही वेगळे आहेत. म्हणून नुसतं ‘स्पायडर्को’ म्हणून भाव विचारू नका, मॉडेल सांगा.

३. लॉक समजून घ्या, मग बोटं सुरक्षित

नवशिक्यांच्या पुष्कळ जखमा चाकू अचानक मिटल्यामुळे होतात. म्हणून पात्याच्याही आधी लॉक.

स्पार्टनला लॉक नाही. पाठीमागची स्प्रिंग पात्याच्या बुंध्यावर, म्हणजे मुठीकडच्या टोकावर, दाब देते, तेवढ्यावर पातं उघडं राहतं. कापताना जोर धारेच्या दिशेने असतो, तो पातं आणखी उघडायला बघतो, म्हणून भाजी कापताना काही अडचण येत नाही. धोका टोकाने भोसकताना असतो. टोक अडकलं आणि हात पुढे सरकला की पातं मिटतं आणि खाली बोटं असतात. अशा चाकूने भोक पाडायचं झालं तर पातं वापरू नका. त्यासाठी टोच्या दिलेला आहे.

ओपिनेलच्या कडीचं नाव विरोब्लॉक. १९५५ पासून ती आहे. कडी फिरवली की तिची फट पात्याच्या बुंध्यावरून सरकते आणि पातं उघडं अडकतं. २००० पासून तीच कडी मिटलेलं पातंही अडकवते. यात सापळा एकच, पण नेहमीचा: कडी आपोआप बसत नाही, हाताने फिरवावी लागते. उघडलं की कडी फिरवायची, ही सवय लागेपर्यंत लाकडाला हात लावू नका. कडी फार घट्ट फिरवायचीही गरज नाही. घट्ट बसवली की ओल्या हाताने सुटत नाही.

बक आणि डेलिका यांच्यात मागचं लॉक असतं. पाठीवरची पट्टी बुंध्याच्या खाचेत बसते आणि तिची मागची बाजू दाबली की सुटते. बसल्याचा ‘खट्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. उघडलेल्या चाकूचं पातं धरून वर-खाली हलवून पाहा. केसभर हालचाल मागच्या लॉकमध्ये पुष्कळदा असते, ती दोष नाही. डाव्या-उजव्या बाजूला हलत असेल तर खीळ ढिली आहे. डेलिकात ती स्क्रूने आवळता येते. बकच्या पारंपरिक ११० मध्ये आणि ओपिनेलमध्ये रिव्हेट ठोकलेला असतो, तिथे आवळायला काहीच नाही. अशा चाकूत बाजूची हालचाल दिसली तर तो नग परत करा.

चौथा प्रकार लायनर लॉक, टेनेशसमध्ये आणि बहुतेक चिनी चाकूंमध्ये असतो. मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूने सरकून पात्याच्या बुंध्यामागे उभी राहते. उघडून बघा: पट्टी बुंध्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत गेलेली असावी. जेमतेम कडेला टेकली असेल तर घसरेल, पार पलीकडच्या बाजूला पोचली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. आणि हे लॉक सोडताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. आधी पातं थोडं आत आणायचं, अंगठा काढायचा, मग मिटायचं.

लॉक तपासण्यासाठी चाकूची पाठ टेबलावर आपटणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. तसं करू नका. त्यात चांगलं लॉकही ठेचलं जातं, आणि वापरात असा धक्का येतही नाही. बोटं मिटण्याच्या वाटेबाहेर ठेवून पाठ लाकडावर टेका आणि हळूहळू दाब वाढवा. साध्या तळहाताच्या जोराने लॉक सुटत असेल तर चाकू नको.

४. पात्याची जाडी मोजा

हा टप्पा सोडू नका. चारही चाकूंतला खरा फरक इथेच कळतो.

कॅलिपरने दोन मापं घ्या. पहिलं पाठीच्या जाडीचं, मुठीपासून साधारण दोन सेंटीमीटरवर. ओपिनेल नंबर ८ मध्ये हे दीड-पावणेदोन मिलिमीटर भरतं, स्पार्टनमध्ये दोन ते अडीचच्या दरम्यान, डेलिकात अडीचच्या आसपास आणि बकमध्ये तीन. दुसरं माप जास्त महत्त्वाचं: धारेची चकाकती पट्टी जिथे संपते, तिच्या लगेच वर. कॅलिपरचे जबडे तिथे अलगद टेकवा, ओढू नका, नाहीतर ओरखडे पडतात. हे माप ०.३ ते ०.५ मिलिमीटर असेल तर चाकू भाजीतून सरळ उतरतो. ०.७ च्या पुढे गेलं की कापण्याऐवजी फाकवायला लागतो.

पाठ जाड असूनही धारेमागे पातं पातळ असू शकतं, कारण घासण्याचा आकार वेगळा असतो. बकचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं. म्हणून तीन मिलिमीटरचा हा चाकू मांस आणि कातडं सुंदर कापतो. पण खोलगट भाग संपून जाड भाग भाजीत शिरला की अडतो. डेलिकाच्या सपाट आवृत्तीत पाठीपासून धारेपर्यंत एकसारखा उतार असतो, तो मधला मार्ग. ओपिनेल तर सगळीकडूनच पातळ, वर किंचित फुगीर. या पातळपणाची किंमतही आहे: हाडावर, खिळ्यावर किंवा पिळताना धार लवकर तुटते.

बुंध्याजवळची धार कुठे सुरू होते तेही बघा. धार लावायला जागा राहावी म्हणून तिथे छोटी खाच असेल तर उत्तम. नसेल तर त्या कोपऱ्यात दगड पोचत नाही आणि काही वर्षांत तिथे धारेला पोट सुटतं.

५. पोलादाचं नाव शेवटी वाचा

व्हिक्टोरिनॉक्स आपल्या पात्याची कठीणता रॉकवेल ५६ देते; रॉकवेल हे पोलादाच्या कठीणतेचं माप. पोलाद १.४११० या जर्मन क्रमांकाचं, कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, क्रोमियम सुमारे चौदा-पंधरा टक्के. गंज जवळजवळ धरत नाही, धार लवकर जाते, पण साध्या दगडावर काही मिनिटांत परत येते. ओपिनेलच्या स्टेनलेस आवृत्तीचं पोलाद स्वीडनचं १२सी२७, कठीणता थोडी अधिक. बकचं ४२०एचसी हे स्वस्तातलं पोलाद आहे, पण कंपनी ते चांगलं तापवते आणि सुमारे ५८ पर्यंत नेते. म्हणूनच नाव तेच असलेला दुसऱ्या कोणाचा चाकू त्याच्याशी बरोबरी करेलच असं नाही. डेलिकाच्या व्हीजी-१० मध्ये कार्बन एक टक्का, कठीणता साठच्या आसपास. धार सगळ्यांत जास्त टिकते, दगडावर वेळही जास्त लागतो, आणि आडवा जोर दिला की बारीक कपऱ्या उडतात.

ओपिनेल कार्बन पोलादातही मिळतो आणि तो स्वस्त असतो. पात्यावरचा शब्द वाचूनच घ्या: स्टेनलेसवर ‘इनॉक्स’, दुसऱ्यावर ‘कार्बन’. कार्बनची धार सुरेख लागते. पण कैरी, लिंबू, कांदा, टोमॅटो यांचा आंबटपणा त्याला लागलीच काळवंडतो आणि फोडीलाही लोखंडाचा वास लागतो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहात असाल आणि चाकू खाण्यासाठीच हवा असेल तर इनॉक्स घ्या. नागपूर-सोलापूरकडच्या कोरड्या हवेत कार्बन सांभाळणं सोपं आहे. काम झालं की लगेच धुवून पुसायचा, एवढं पाळलं तरी पुरतं.

६. मूठ आणि आपली हवा

मिटलेला चाकू मुठीत धरा, मग उघडून घट्ट पकडा. चारही बोटं मुठीवर मावायला हवीत. स्पार्टनमध्ये मोठ्या हाताची करंगळी बाहेर राहते आणि बुचाचा स्क्रू तळव्याला टोचतो. अर्धा तास सलग काम करायचं असेल तर हे जाणवतं. ओपिनेलची गोल मूठ चौघांत सगळ्यात आरामशीर आहे. बक हातात भरतो, खिशात मात्र जड होतो. तो पट्ट्याला अडकवायचाच चाकू आहे.

ओपिनेलचं लाकूड पावसाळ्यात फुगतं. जूनमध्ये सहज उघडणारं पातं ऑगस्टमध्ये नखाने हलत नाही. साव्हॉयमध्ये यावर जुनी युक्ती आहे: कडी मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, म्हणजे पातं थोडं बाहेर येतं. नेहमीसाठी उपाय हवा असेल तर चाकू आठवडाभर कोरड्या जागी ठेवा. मग दोनशे ग्रिटचा पॉलिशपेपर दुमडून खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती हलक्या हाताने घासा. नंतर मुठीला आणि खाचेला कच्चं जवसाचं तेल कापसाने लावा, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसा, दोन दिवस वाळू द्या, आणि असं तीनदा करा. तेलाचे बोळे आणि फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती उघडी पसरून वाळवा, मग टाका.

बकची पितळी टोकं दमट हवेत काळपट होतात. पितांबरी लावायची तर ओल्या फडक्यावर चिमूटभर घेऊन फक्त पितळ घासा. पूड खिळीत गेली की दळणासारखी करकर कायम राहते. त्याच्याबरोबर येणारं चामड्याचं म्यान नेण्या-आणण्यासाठी वापरा, ठेवण्यासाठी नको. चामडं ओल धरून ठेवतं आणि पात्यावर ठिपके उठतात.

स्पार्टन आणि डेलिकाला हवेचं फारसं काही होत नाही.

७. दुकानातली तपासणी

क्रम असा ठेवा:

1. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा. पातं दोन्ही भिंतींच्या मधोमध असावं. एका बाजूला घासत असेल तर आत ओरखडे दिसतील.
2. स्विस चाकूचं प्रत्येक अवजार वेगळं उघडा. थरांमध्ये फट दिसता कामा नये. उघडताना आणि मिटताना टोकाला स्प्रिंगचा ठोका ऐकू यायला हवा.
3. बुंध्यावरची अक्षरं भिंगातून बघा. खऱ्या व्हिक्टोरिनॉक्सवर कंपनीचं नाव आणि स्वित्झर्लंडचा उल्लेख स्वच्छ, सारख्या खोलीचा असतो. नक्कल केलेल्यावर अक्षरं पसरट किंवा तिरकी दिसतात, किंवा नाव फक्त मुठीवर असतं.
4. स्पार्टनच्या चकचकीत लाल मुठीतलं क्रॉसचं चिन्ह प्लास्टिकमध्ये बसवलेल्या धातूचं असतं. नखाने खरवडून रंग निघाला तर नग खाली ठेवा.
5. चिमटा आणि दातकोरणी जागेवर ठेवून चाकू उलटा करा आणि हलकेच झटका. खाली पडू नयेत.
6. ओपिनेलच्या पात्यावर मुकुट आणि हात हे चिन्ह असतं. कडी पूर्ण फिरवून दोन्ही स्थितींत अडकते का ते बघा. लाकडात खिळीजवळ तडा नाही ना, हेही पाहा.
7. धारेकडे टोकाकडून सरळ रेषेत बघा. बोथट जागी उजेड चमकतो, चांगली धार दिसतच नाही.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याचं नाव बघा. ब्रँडचं नाव बघून भागत नाही. एकाच पानावर पाच विक्रेते असतात आणि किंमत कमी असलेला कधीकधी परतावा देत नाही.

८. घरी कापून बघा, पण आधी धार सारखी करा

कारखान्यातून आलेल्या धारेवर तुलना करणं ही सगळ्यात मोठी चूक. एखाद्या नगाला त्या दिवशी धार चांगली लागलेली असते, एखाद्याला नाही. तुम्ही चाकू पाहात नसता, धार लावणाऱ्याचा हात पाहात असता.

म्हणून दोन्ही चाकूंना एकाच कोनात धार लावा. व्हिक्टोरिनॉक्स दोन्ही बाजू मिळून ३० ते ४० अंश सांगते, म्हणजे एका बाजूला १५ ते २०. कोन डोळ्यांनी धरता येत नसेल तर हिशेब सोपा आहे: पात्याच्या रुंदीला ०.३४ ने गुणा, तेवढी पाठ दगडापासून वर धरली की २० अंश होतात. १५ अंशांसाठी ०.२६ ने गुणा. पातं १८ मिलिमीटर रुंद असेल तर २० अंशांना सहा मिलिमीटर, १४ असेल तर पावणेपाच. धारेवर काळा मार्कर फिरवा आणि दोन-तीन वेळा घासून बघा. फक्त वरच्या काठाची शाई गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेच्या अगदी कडेची गेली तर फार वर. सगळी शाई सारखी गेली की कोन जमला.

४०० च्या बाजूवर एका अंगाने घासत राहा, पलीकडे बोटाला खरखरीत कड लागेपर्यंत. ती कड संपूर्ण लांबीवर आली नाही तर धार लागलीच नाही, हे पक्कं समजा. मग दुसरं अंग, मग १००० वर दोन्ही अंगं आळीपाळीने, दर वेळी हात हलका करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पात्याची पाठ पुढे ठेवून पाच-सहा वेळा ओढा.

आता चाचण्या. कागद एका हाताने धरून वरून खाली कापा. अडखळला त्या जागी धारेत खोट आहे. गाजराचा तीन सेंटीमीटर जाड तुकडा उभा मध्यभागी कापा. ओपिनेल शेवटपर्यंत शांतपणे उतरतो. जाड पातं अर्ध्यावर गेलं की गाजर ‘कट्’ करून तडकतं. तो आवाज म्हणजे मघाशी मोजलेली जाडी. पुठ्ठ्याच्या नळ्यांना आडव्या अशा तीस सेंटीमीटरच्या पट्ट्या कापत जा आणि दर दहा पट्ट्यांनंतर कागद कापून बघा. कागद फाटायला लागला तो आकडा लिहून ठेवा. इथे व्हीजी-१० पुढे जाईल आणि जायलाच हवा. काथ्याची दोरी फळीवर ठेवून खेचत कापा, दाबून कापू नका.

डबा उघडायची चाचणी करताना लक्षात ठेवा: व्हिक्टोरिनॉक्सचं अवजार पुढे ढकलत कापतं. मागे खेचणाऱ्याला ते निकामी वाटतं.

९. कायदा आणि प्रवास

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. आपले चारही चाकू या मापाच्या पुष्कळ आत आहेत. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. बटण किंवा स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूंवर वेगळे निर्बंध आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार अशा चाकूंसाठी ७.६२ सेंटीमीटर लांबीची मर्यादा आहे. बटणाचा चाकू घेऊच नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तेव्हा चाकू बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, आणि सण, मिरवणुका, निवडणुकांच्या काळात असे आदेश वारंवार निघतात. ट्रेकला जाताना चाकू सॅकच्या तळाशी, जेवणाच्या डब्याजवळ ठेवा. शहरात कमरेला लटकवून हिंडू नका.

विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत जातो. छोट्या किचेनवरचाही काढून घेतला जातो. मेट्रोच्या तपासणीतही हीच अडचण येते.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी नीट वाचावं: तिथे कारणाशिवाय जवळ बाळगता येतो तो फक्त लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू. म्हणजे स्पार्टन चालतो. ओपिनेल नंबर ८, बक आणि डेलिका तिन्ही लॉकमुळे बाद. जर्मनीत एका हाताने उघडणाऱ्या आणि लॉक होणाऱ्या चाकूंवर बंधनं आहेत, तिथे डेलिका खिशात नको.

१०. पहिले काही दिवस

परताव्याची मुदत संपण्याआधी वरच्या मोजण्या करा, मात्र धार लावण्याआधी ठरवा. दगडावर घासलेला चाकू कोणी परत घेत नाही. म्हणजे टप्पा ३, ४ आणि ७ पहिल्याच दिवशी, टप्पा ८ चाकू ठेवायचं ठरल्यावर. व्हिक्टोरिनॉक्स आणि बक दोघेही साहित्य आणि घडणीच्या दोषांसाठी आयुष्यभराची हमी देतात. झीज आणि चुकीचा वापर त्यात येत नाही.

स्पार्टन कोमट पाण्यात धरून सगळी अवजारं दहा-बारा वेळा उघड-मिट करा, पूर्ण वाळवा, मग प्रत्येक सांध्यात लिक्विड पॅराफिनचा एक थेंब सोडा. खोबरेल तेल वापरू नका. ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं, मग स्प्रिंग अडते. शिलाई मशीनचं तेल सांध्याला चालेल, पण त्या चाकूने फळं कापणार असाल तर नको. ओपिनेल पाण्यात बुडवू नका. पातं उघडं ठेवून ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा, आणि पावसाळाभर कडी मोकळी ठेवून हवेशीर खणात ठेवा.